तान्ह्या मुलाचें पोट : धीर केव्हां धरावा, केव्हां सोडावा

मनुष्याच्या आयुष्यांत असा एक काळ असतो कीं, ज्या काळीं त्याच्या शब्दकोशांत एकच शब्द असतो, आणि तो म्हणजे रडणें. भूक लागली तरी रडणें, दुपटें ओलें झालें तरी रडणें, झोंप आली तरी रडणें, आणि पोटांत आंतड्यास पीळ पडला तरीहि रडणेंच. शब्द एक आणि अर्थ अनेक अशी स्थिति झाली म्हणजे टीकाकारांचें फावतें, हें काव्य शिकविण्यांत जन्म गेलेल्या आम्हां शिक्षकांस चांगलें ठाऊक आहे. मूल रात्रीं कळवळून रडूं लागलें कीं आजेसासूबाई म्हणतात, "दृष्ट लागली." सासूबाई म्हणतात, "वायु धरला." थोरल्या जाऊबाई म्हणतात, "तूं काल वांगें खाल्लेंस, तेंच बाधलें." आणि पुरुषमंडळी पांघरुणांतून विचारतात, "अजून किती वेळ चालणार हें?" ज्या एका व्यक्तीनें तें मूल दिवसभर मांडीवर घेतलेलें असतें ती मात्र बहुधा कांहींच बोलत नाहीं, कारण घरांत ती सर्वांत धाकटी असते.

मुलांच्या पोटाच्या तक्रारींविषयीं ह्या सदराकडे वाचकांचीं पत्रें वारंवार येतात. बहुतेकांचा प्रश्न "काय द्यावें?" हा असतो. आमच्या मतें तो प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा होय, पहिला प्रश्न "काय पाहावें?" हा आहे. आम्ही वैद्य नव्हे, शाळामास्तर आहों. औषधें सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं आणि हेतूहि नाहीं. परंतु कोणती तक्रार घरांत निभते आणि कोणती त्याच घटकेस डॉक्टरांकडे न्यावयाची, हें ओळखणें गृहस्थाश्रमाचें काम आहे. त्याच्या खुणा वैद्यकानें इतक्या स्पष्टपणें लिहून ठेवल्या आहेत कीं, सुशिक्षित कुटुंबास त्या ठाऊक नसणें शोभत नाहीं.

बोलतां न येणाऱ्या रोग्याचें दुखणें ओळखावें कसें, हा प्रश्न आजचा नाहीं. 'काश्यपसंहिता' ह्या बालवैद्यकावरील प्राचीन ग्रंथाची एक खंडित पोथी नेपाळांत उपलब्ध झाली, आणि पंडित हेमराज शर्मा ह्यांच्या विस्तृत उपोद्घातासह ती १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून छापून बाहेर पडली. तिच्या सूत्रस्थानांत वेदनाध्याय नांवाचा एक अध्याय आहे. मुलाचें अमुक अंग दुखत असेल तर तें काय काय करील, हें त्यांत एकेक सांगितलें आहे. पोटांत शूळ उठला असतां मूल स्तन सोडून देतें, रडतें, उताणें पडतें, त्याचें पोट ताठ होतें, अंग गार लागतें आणि तोंडावर घाम येतो, असा त्यांतील आशय आहे. वाचकांनीं येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. ह्या मालिकेंत रडणें हें केवळ एक चिन्ह आहे. बाकीचीं चिन्हें कानाचीं नसून डोळ्यांचीं व हातांचीं आहेत. आमच्या आजच्या लेखाचें सार एवढेंच आहे : मुलाचें रडणें ऐकावें, परंतु निकाल पाहून द्यावा.

प्रथम, ज्यांस भिण्याचें कारण नाहीं अशा गोष्टी सांगून टाकूं. जन्मानंतर दोनतीन आठवड्यांनीं कित्येक मुलें सायंकाळच्या सुमारास रडावयास लागतात. मुठी आवळतात, पाय पोटाशीं घेतात, तोंड लाल करतात आणि तास तास रडतात. अमेरिकेंतील न्यू हेवन येथील बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल ह्यांनीं १९५४ सालीं सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ह्या रडण्यास एक तिहेरी मोजमाप लावून दिलें : दिवसांतून तीन तासांहून अधिक, आठवड्यांतून तीन दिवसांहून अधिक, आणि असें तीन आठवड्यांहून अधिक काळ. हें रडणें सुमारें सहाव्या आठवड्यांत शिगेस पोंचतें आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत आपोआप ओसरतें. ह्या मुलांची खूण अशी कीं, रडण्याची वेळ टळली म्हणजे तीं नीट दूध पितात, हंसतात, लघवी पुष्कळ करतात आणि वजनानें वाढतात. अशा मुलास खांद्यावर घेऊन फिरवावें, पाळण्यांत घालून आंदुळावें, ढेकर काढावी. आई अगदींच थकली तर मूल घरांतील दुसऱ्या कोणी घ्यावें. एकत्र कुटुंबाचा उपयोग तो हाच. जवळ कोणीच नसेल तर मूल पाळण्यांत सुरक्षित उताणें निजवून आईनें पांच मिनिटें बाहेर बसावें. परंतु संतापाच्या भरांत मुलास गदगदां हलवूं नये. तान्ह्या मुलाच्या मेंदूंत तेवढ्यानेंहि रक्तस्राव होतो.

दूध प्याल्यावर तोंडाच्या कडेनें थोडें दूध टाकणें, हेंहि बहुतेक मुलांत असतें. ज्यास स्वतःचें काहीं वाटत नाहीं, जें दूध टाकून पुन्हा खेळूं लागतें, तें मूल आजारी नव्हे. वर्षाचें होईपर्यंत बहुतेकांचें हें टाकणें थांबतें. शौचाचेंहि तसेंच. अंगावर पिणारें मूल दिवसांतून सातआठ वेळां पिवळी, पातळ, दाणेदार शौच करील. आणि दीड महिन्यानंतर तेंच मूल चारपांच दिवस शौचास न होतांहि खुशाल असेल. पोट मऊ असेल आणि मूल पीत असेल, तर दिवस मोजून एरंडेलाची बाटली काढण्याचें कारण नाहीं.

आतां घरगुती उपायांविषयीं दोन शब्द. सहाणेवर वेखंड, मुरडशेंग, हिरडा, जायफळ ह्यांचे वळसे मोजून गुटी उगाळणाऱ्या वृद्ध स्त्रियांविषयीं आम्हांस आदर आहे; त्या उगाळण्यांत प्रेम असतें ह्यांत शंका नाहीं. परंतु सहाणेचें पाणी, बोटाची स्वच्छता आणि मात्रेचें प्रमाण ह्या तिन्ही गोष्टी अनिश्चित असतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेचा उपदेश असा आहे कीं, पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून मुलास पाण्याचा थेंबहि देऊं नये; डॉक्टरांनीं सांगितलेलें औषध तेवढें वेगळें. मधाचें बोट तर वर्षाच्या आंत मुळींच चाटवूं नये. मधांत क्वचित् एका जंतूचीं बीजें असतात. तीं मोठ्या माणसाच्या पोटांत निरुपद्रवी असलीं तरी तान्ह्या मुलाच्या आंतड्यांत रुजून विष उत्पन्न करतात व त्यामुळें मूल लुळें पडतें. हा रोग १९७६ सालीं कॅलिफोर्नियांत ओळखला गेला. बाटलींतील ग्राइप वॉटरचा जन्म १८५१ सालीं इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें एका औषधविक्याच्या हातून झाला. त्यांत बडीशेपेच्या जातीच्या शेपूचें तेल व सोडा ह्यांबरोबर पूर्वीं मद्यार्कहि असे. मूल गप्प कां होई, ह्याचा उलगडा त्यावरून होण्यासारखा आहे. मुंबईच्या गिरण्यांतून काम करणाऱ्या कित्येक स्त्रिया एके काळीं कामावर जातांना मुलास अफूची 'बाळागोळी' देत, त्यांतलाच हा प्रकार. आणि पोट फुगलेल्या अर्भकास तापल्या लोखंडाचे चटके देण्याची जी रीत मेळघाटासारख्या भागांत अलीकडेपर्यंत आढळली आहे, तीस हंसण्याचा अधिकार ज्यांच्या घरांत दुखणें तीन दिवस दडवून ठेवलें जातें अशा सुशिक्षितांस नाहीं.

ह्या सर्व उपायांचा मुख्य दोष विषारीपणा हा नव्हे. बहुतेक निरुपद्रवीच असतात. त्यांचा मुख्य दोष वेळ खाणें हा आहे. "आतां गुटी दिली आहे, सकाळपर्यंत पाहूं," ह्या वाक्यांतील रात्र कधीं कधीं परत मिळत नाहीं. ती केव्हां मिळत नाहीं, तें आतां क्रमानें सांगतों.

पहिली खूण हिरव्या उलटीची. तान्ह्या मुलानें, विशेषतः पहिल्या महिन्यांत, गवतासारखी हिरवी उलटी केली तर तें पित्त होय. त्याचा अर्थ, जठराच्या खालीं कोठें तरी मार्ग अडला आहे. कांहीं मुलांचीं आंतडीं गर्भांत असतांना आपल्या जागीं नीट वळून बसलेलीं नसतात. तीं पुढें आपल्याच देठाभोंवतीं पीळ खातात आणि त्यांचा रक्तपुरवठा तुटतो. बोस्टन येथील शस्त्रवैद्य विल्यम लॅड ह्यांनीं १९३६ सालीं वर्णिलेली शस्त्रक्रिया आजहि ह्या रोगावर करतात व मुलें खडखडीत बरीं होतात. परंतु ती वेळेवर झाली पाहिजे. येथें वेळ दिवसांनीं नव्हे, तासांनीं मोजतात. पोट फुगलेलें नसेल, मूल फारसें रडत नसेल, तरीहि हिरवी उलटी दिसतांच रात्रीं दोन वाजतां देखील निघावें, आणि जेथें मुलांचा शस्त्रवैद्य असेल अशा रुग्णालयांत जावें.

दुसरी खूण पिचकारीची. दोन ते आठ आठवड्यांचें मूल दूध पितांच तें पिचकारीसारखें हातभर दूर उडवूं लागलें, उलटी पांढरी असली, आणि उलटी होतांच मूल पुन्हा भुकेनें वखवखलें, तर जठराच्या खालच्या दाराचा स्नायु जाड झालेला असण्याचा संभव असतो. मुलींपेक्षां मुलग्यांत हें सुमारें चौपट आढळतें. कोपनहेगन येथील डॉक्टर हॅराल्ड हिर्शस्प्रुंग ह्यांनीं १८८८ सालीं ह्या विकाराचें स्पष्ट वर्णन प्रसिद्ध केलें, आणि जर्मनींतील कॉन्राड रामस्टेट ह्यांनीं १९११ सालीं तो जाड स्नायु उभा चिरून मोकळा करण्याची सोपी रीत शोधली. तीच आजहि चालू आहे. हें मूल भुकेलें असल्यामुळें घरांतील मंडळी फसतात. "खायला तर मागतो आहे, मग आजारी कसा?" असें म्हणतां म्हणतां वजन घटत जातें. ज्याचें वजन दर आठवड्यास वाढावयाचें तें घटूं लागलें, हाच पुरावा पुरेसा आहे.

तिसरी खूण थांबून थांबून येणाऱ्या कळेची, आणि तिला आम्ही अंमळ अधिक वेळ देतों. कारण हीच घरोघर दांतांवर किंवा दृष्टीवर ढकलली जाते. पांचसहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांत आंतड्याचा एक भाग पुढच्या भागांत शिरतो. दुर्बिणीच्या नळ्या एकींत एक सरकतात तसा. मूल अकस्मात् किंकाळी फोडतें, पाय पोटाशीं घेतें, पांढरें पडतें. दोनचार मिनिटांनीं कळ ओसरते आणि मूल गळून पडतें. पंधरावीस मिनिटांनीं पुन्हा तेंच. पुढें पुढें कळांच्या मधल्या वेळांत मूल निपचित पडूं लागतें. रक्त व शेंब मिसळून लाल, चिकट शौच होते ती पुष्कळदां उशिरानें. तिची वाट पाहत बसूं नये. लंडनचे जोनाथन हचिन्सन ह्यांनीं १८७१ सालीं अशा एका दोन वर्षांच्या मुलीवर यशस्वी शस्त्रक्रिया केली तेव्हां तो चमत्कार वाटला; आज वेळीं नेलेल्या बहुतेक मुलांस पोट उघडावेंहि लागत नाहीं. गुदद्वारांतून बेताच्या दाबानें हवा किंवा पाणी सोडून अडकलेलें आंतडें मागें ढकलतात.

आमच्या परिचयाच्या एका मोठ्या घरांत असेंच झालें. सात महिन्यांचा मुलगा दुपारपासून मधूनमधून किंचाळत होता. घरांत अनुभवी स्त्रिया चार. चौघींचें मत "दांत येताहेत" असें पडलें, आणि हिरड्यांना सुंठ चोळली गेली. तिन्हीसांजेस मुलगा शांत झाला, तेव्हां सर्वांनीं निःश्वास टाकला. सूनबाई मात्र स्वयंपाकघराच्या दारांत येऊन सासूबाईंस म्हणाली, "आई, तो रडत होता तोंवर मला इतकें वाटलें नाहीं. आतां तो रडत नाहीं, माझ्याकडे पाहतहि नाहीं." सासूबाई शहाण्या, त्यांनीं हातांतली पळी खालीं ठेविली, मुलाचा हात उचलून पाहिला, तो सोडतांच धपकन पडला. पाठोपाठ आजोबांनीं रिक्षा आणविली. रुग्णालयांत ध्वनिलहरींच्या यंत्रानें आंतडें अडकल्याचें दिसलें, रात्रींच हवेच्या दाबानें तें सोडविण्यांत आलें, आणि दोन दिवसांनीं मुलगा घरीं आला. "त्या वेळीं सकाळची वाट पाहिली असती तर आंतडें कापावें लागलें असतें," असें डॉक्टरांनीं सांगितलें. त्या घरांतील चार अनुभवी मतांपेक्षां एका अननुभवी मुलीची नजर अधिक मोलाची ठरली. कारण ती मुलाकडे पाहत होती, आणि इतर आपल्या अनुभवाकडे पाहत होत्या.

चौथी खूण फुगलेल्या पोटाची. पोट ढोलासारखें ताठ झालें, दाबतांच मूल कळवळलें, शौच आणि वायु दोन्ही बंद झाले व उलट्या सुरू झाल्या, तर हिंगाचा लेप लावीत बसूं नये. नवजात मुलाची पहिली काळी, डांबरासारखी शौच बहुधा २४ तासांच्या आंत होते. ४८ तास उलटले तरी झाली नाहीं, तर आंतड्याच्या शेवटच्या भागांत मज्जातंतूंच्या पेशी नसण्याचा संभव असतो. वर उल्लेखिलेल्या हिर्शस्प्रुंग डॉक्टरांनींच १८८६ सालीं बर्लिन येथें हा विकार सांगितला, आणि त्यास आजहि त्यांचेंच नांव आहे. त्याचप्रमाणें जांघेंत एरवीं येणारी-जाणारी फुगवटी एकाएकीं टणक झाली, आंत जाईना आणि मूल रडून उलटी करूं लागलें, तर आंतडें तेथें अडकलें आहे असें समजावें. दुपटें सोडून जांघ पाहावयास घरांत कोणी संकोच करूं नये.

पांचवी खूण शौचाच्या रंगाची. पिवळी, हिरवट, तपकिरी हे रंग नेहमींचे. तांबडें रक्त किंवा (पहिले दोनतीन दिवस सोडून) डांबरी काळा रंग दिसला तर त्याच दिवशीं दाखवावें. परंतु ज्याची कोणासच भीति वाटत नाहीं असा रंग म्हणजे पांढरा. जन्मानंतरची कावीळ दोन आठवड्यांनंतरहि राहिली, शौच शाडूच्या मातीसारखी पांढुरकी होऊं लागली आणि लघवीनें दुपट्यास गडद पिवळा डाग पडूं लागला, तर यकृतांतून पित्त उतरण्याची नळी बंद असूं शकते. जपानी शस्त्रवैद्य मोरिओ कासाई ह्यांनीं १९५० नंतरच्या दशकांत ह्यावर शस्त्रक्रिया काढली. ती मूल ६० दिवसांचें होण्यापूर्वीं झाली तर यशाचा संभव पुष्कळच अधिक असतो. तैवानांत २००४ सालापासून प्रत्येक नवजात मुलाच्या आईस शौचाच्या रंगांचें चित्रपत्र देण्याची व्यवस्था झाली, ती ह्याचसाठीं. हें मूल रडत नाहीं, ओकत नाहीं, चांगलें पितें. म्हणूनच तें दोन महिने घरांत राहतें. "कोवळें ऊन दाखवा, कावीळ जाईल," हा सल्ला दोन आठवड्यांपुढें देणाराच्या हातून मोठा अनर्थ होऊं शकतो.

सहावी खूण तापाची. तीन महिन्यांच्या आंतील मुलास १०० अंश चार दशांश फॅरेनहाइट किंवा अधिक ताप आला, तर पोटाची तक्रार असो वा नसो, त्याच दिवशीं, त्याच घटकेस डॉक्टर गांठावा. उलट, इतकें लहान मूल जंतुदोषानें गारहि पडतें. तेंहि तितकेंच वाईट. घरांत तापमापक नळी ठेवावी. हाताच्या पाठीवर भरंवसा ठेवूं नये.

सातवी खूण सुकण्याची, आणि ती जुलाबांशीं निगडित आहे. नवजात मुलाच्या वजनाचा सुमारें तीनचतुर्थांश भाग पाणीच असतें. म्हणून पांचसहा जुलाबांनीं मोठ्या माणसाचें जें होत नाहीं तें मुलाचें होतें. टाळू खोल जाते, डोळे आंत ओढले जातात, तोंड कोरडें पडतें, रडतांना अश्रु येत नाहींत, सहासात तास दुपटें कोरडें राहतें. बेंबीच्या बाजूस पोटाची कातडी चिमटींत धरून सोडावी. ती हळूहळू परत बसूं लागली तर पाणी बरेंच कमी झालें आहे. मूल पीत नसेल, गुंगींत असेल, पोटांत काहींच ठरत नसेल किंवा जुलाबांत रक्त असेल तर थांबूं नये. दोन महिन्यांच्या आंतील मुलास जुलाब झाले तर चिन्हांची वाटहि पाहूं नये; सरळ न्यावें.

परंतु जुलाबाच्या बाबतींत घरास करण्यासारखें पुष्कळ आहे, आणि त्याची कथा अभिमानास्पद आहे. १९७१ सालीं बांगलादेशाच्या लढ्यांत लक्षावधि निर्वासित बंगालांत आले. बनगांव येथील छावणींत पटकीची सांथ उसळली, आणि शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपत आलें. तेथील डॉक्टर दिलीप महालनबीस ह्यांनीं साखर, मीठ व सोडा पाण्यांत मिसळून पिंपांतून रोग्यांच्या नातेवाइकांच्या हातीं दिलें, आणि आया, बहिणी, आजोबा ह्यांनींच तें पाजलें. मृत्यूचें प्रमाण शेंकडा ३० च्या आसपास होतें तें शेंकडा ४ च्याहि खालीं आलें. महालनबीस २०२२ सालीं वारले. पुढच्याच वर्षीं त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण देण्यांत आलें. आपण जिला जलसंजीवनी म्हणतों ती तीच. २००२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तिचें प्रमाण सुधारून घेतलें. एक मोठी पुडी उकळून गार केलेल्या एका लिटर पाण्यांत पुरती विरघळवावी; पाणी कमीअधिक करूं नये, वरून साखर घालूं नये, आणि २४ तासांनीं उरलेलें टाकून द्यावें. दोन महिन्यांवरील मुलास प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला चमच्याचमच्यानें पाजावें. ओकलें तर दहा मिनिटें थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचें दूध बंद करूं नये. जस्ताच्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें १४ दिवस द्याव्या. जुलाब थांबले म्हणून सोडूं नयेत. जुलाब एकदम थांबविणारें मोठ्या माणसांचें औषध मात्र मुलास कधींहि देऊं नये. त्यानें रोग थांबत नाहीं, आंतडें थांबतें. दांत येण्यानें जुलाब होतात ही समजूतहि आतां सोडावी. त्या वयांत मूल रांगतें व हातीं लागेल तें तोंडांत घालतें, हें खरें कारण. तान्ह्या मुलांच्या जबर जुलाबांस पुष्कळदां कारण होणारा रोटा नांवाचा विषाणु १९७३ सालीं मेलबर्न येथें रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ओळखला. त्यावरील लस आपल्या देशांत तयार होते, तिच्यांतील एक पुण्यासच होते, आणि सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत ती सरकारी केंद्रांतून विनामूल्य तोंडांत टाकतात. ती चुकवूं नये.

डॉक्टरांकडे जातांना काय न्यावें, हेंहि सांगतों. रडगाणें नव्हे, टिपण न्यावें. पहिली उलटी केव्हां झाली, तिचा रंग कोणता, शौच किती वेळां, शेवटची लघवी केव्हां, दूध किती प्यालें, घरीं काय काय दिलें. गुटी दिली असेल तर तीहि न लपवितां सांगावी. मळलेलें दुपटें धुण्याची घाई करूं नये; तें किंवा त्याचें भ्रमणध्वनीवर घेतलेलें छायाचित्र शंभर वर्णनांपेक्षां अधिक बोलतें. वाहन नसेल तर महाराष्ट्रांत १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. तो क्रमांक दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

शेवटीं घरांतील कर्त्या मंडळींस, म्हणजे आमच्याच वयाच्या वाचकांस, एक विनंति. एकत्र कुटुंबांत मुलाच्या दुखण्याचा निर्णय अनेकांच्या हातून जातो, आणि प्रत्येक हातांत तो थोडा थोडा थांबतो. सूनबाई सासूबाईंस विचारते, सासूबाई मामंजींस, आणि मामंजी सकाळीं ओळखीच्या डॉक्टरांस. ह्या प्रथेंत कोणाचाहि दुष्टपणा नाहीं. मर्यादा आहे, आणि मर्यादा हा गुणच आहे. पण आंतड्यास मर्यादा कळत नाहीं. म्हणून प्रत्येक घरांत आधींच असें ठरवून टाकावें कीं, तान्ह्या मुलाच्या बाबतींत आईनें "मला हें ठीक दिसत नाहीं" असें म्हटलें कीं चर्चा संपली. त्यापुढें फक्त चपला पायांत घालावयाच्या. दहादां निघून नऊ वेळां डॉक्टरांनीं "काहीं नाहीं" म्हणून परत पाठविलें, तर ते नऊ हेलपाटे फुकट गेले असें कोणी समजूं नये, आणि सुनेस तसें ऐकवूं तर मुळींच नये. नाहीं तर दहाव्या वेळीं ती बोलणार नाहीं.

आम्हीं आयुष्यभर वर्ग सांभाळले. चाळीस मुलांचा गलबला चाललेला असतांना शिक्षक निर्धास्तपणें फळ्यावर लिहीत असतो. वर्ग अकस्मात् चिडीचूप झाला म्हणजे मात्र तो मागें वळून पाहतो. तान्ह्या मुलाचेंहि तसेंच आहे. तें भोंकाड पसरून रडत असेल आणि मधूनमधून पीत, पाहत, दुपटें भिजवीत असेल, तर धीर धरावा. तें गप्प झालें, पण पीत नाहीं, पाहत नाहीं, दुपटें कोरडें आहे, उलटी हिरवी आहे किंवा शौच पांढरी आहे, तर धीर हा गुण राहत नाहीं. त्या घटकेस तो सोडणें हाच शहाणपणा.